सपाट माळावर काळवीट शोधायचं कसं?

नाशिक जिल्हा म्हटलं की सह्याद्रीचे कडे, धरणं आणि द्राक्षबागा डोळ्यांसमोर येतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडचा येवला तालुका मात्र पर्जन्यछायेतला. तिथल्या ममदापूर-राजापूर परिसरात सुमारे 54 चौरस किलोमीटरचं काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कुसळी गवत, तरवड, बोरी, हिवर, मध्ये एखादा नाला आणि शेताचे बांध, असा हा मुलूख. जमीन सपाट असल्यामुळे हरणं लांबूनच दिसतील असं वाटतं, आणि इथेच नवखा माणूस फसतो. काळवीट खांद्यापाशी जेमतेम 80 सेंटीमीटर उंच, तरवड त्याहून उंच. चढून चौफेर बघावं अशी टेकडीही जवळ नसते. दुर्बीण बाहेर काढण्याआधी इथे जमीन वाचावी लागते.

सांबर, चितळ ही खरी हरणं दरवर्षी शिंगं गाळतात आणि झाडांच्या खोडांवर शिंगं घासून खुणा सोडतात. काळवीट कुरंगवर्गातला, म्हणजे अँटिलोप; बोलताना हरीण म्हटलं तरी तो खरं हरीण नव्हे. त्याची पिळदार शिंगं आयुष्यभर टिकतात, म्हणून गळालेलं शिंग शोधण्यात अर्थ नाही. त्याची सर्वांत बोलकी खूण म्हणजे लेंड्यांचा ढीग. शेळ्यामेंढ्या चालता चालता लेंड्या टाकत जातात, त्यामुळे त्यांच्या लेंड्या वाटेवर विखुरलेल्या सापडतात. इलाका धरून बसलेला काळवीट नर मात्र पुन्हा पुन्हा ठरावीक जागीच लेंड्या टाकतो आणि कित्येकदा त्या ढिगावरच बसून राहतो. डोळ्याजवळच्या ग्रंथीतला स्राव गवताच्या काडीला, काटक्यांच्या टोकांना लावून तो आपली हद्दही पक्की करतो. एखाद्या ढिगावर वाळून पांढुरक्या पडलेल्या लेंड्या आणि त्यांच्यावर काळ्या ओलसर लेंड्या दिसल्या, तर मालक अजून हजर आहे असं समजावं. माझ्या मते माळावरची पहिली सकाळ प्राण्यांमागे न धावता असे ढीग नकाशावर टिपण्यात घालवावी. नर कुठे उभे राहतात हे कळलं, की माद्यांचे कळप कुठून ये-जा करतील याचाही अंदाज येतो.

उन्हाळ्यातली लेंडी फोडून पाहिली, तर तिच्यात वेड्या बाभळीच्या बिया सापडू शकतात. गवत वाळलं की काळवीट या झाडाच्या गोडसर शेंगा आवडीने खातो. टणक बिया पोटातून धडधाकट बाहेर पडतात आणि खतासकट जमिनीवर येतात. गुजरातमधल्या वेळावदरच्या गवताळ रानात शास्त्रज्ञांनी हा प्रकार बारकाईने अभ्यासला आहे. यातली खरी अडचण अशी, की काळविटाची सगळी सुरक्षितता त्याच्या नजरेवर आणि पळण्यावर आहे. शत्रू लांबून दिसला पाहिजे आणि समोर मोकळं मैदान पाहिजे. मैदान मिळालं तर तो ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, पण वेड्या बाभळीच्या दाट काटेरी झुडपात हा वेग त्याच्या उपयोगाचा नाही. म्हणजे ज्या झाडामुळे त्याचा माळ बंदिस्त होतो, त्याच झाडाचं बी तो स्वतः पसरवतो. माळ म्हणजे पडीक जमीन, झाडं लावली की तिचं भलं होईल, ही समजूत काळविटाच्या मुळावर उठते. गवत हीच इथली खरी संपत्ती आहे, आणि तिथे सरसकट खड्डे खणून रोपं लावली जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

काळविटाला मोकळीक हवी, हे एकदा लक्षात आलं की शोधही सोपा होतो. दाट झाडीत शिरण्याऐवजी तिच्या कडा बघाव्यात: झुडपं संपून आखूड गवत सुरू होतं ती पट्टी, कापणी झालेलं शेत, पाणवठ्याकडे जाणारी मळलेली पायवाट. नजर झुडपाच्या शेंड्याकडे न ठेवता बुडाशी ठेवावी. झुडपाच्या फांद्या उभ्या-तिरप्या असतात, प्राण्याची पाठ आडवी. उभ्या रेघांच्या गर्दीत एक आडवी रेघ आणि तिच्याखाली पांढरं पोट दिसलं की कान हलण्याची वाट बघत थांबायचं. दुपारी मात्र तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, दुर्बिणीतलं चित्रही वितळू लागतं. तेव्हा सावली गाठावी.

ऊन आणि वारा यांचं गणित इथे फार कामाला येतं. हरणांच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे तांबडा रंग त्यांना आपल्यासारखा उठून दिसत नाही. आडव्या बाहुलीमुळे त्यांना जवळजवळ संपूर्ण क्षितिज एकाच वेळी दिसतं, आणि हालचाल तर ती लगेच टिपतात. म्हणून शर्टाच्या रंगापेक्षा बांधावर उभं न राहणं महत्त्वाचं. उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. सकाळी कळपाच्या पूर्वेला बसलं, तर सूर्य आपल्या पाठीशी राहतो आणि वारा तोंडावर येतो, म्हणजे आपला वास कळपापर्यंत पोहोचत नाही. संध्याकाळी सूर्य पाठीशी घेतला की वारा दगा देतो. हिवाळ्यात वारा पूर्वेकडचा असला, की हेच गणित उलटं होतं.

शेवटी मोजणी. दिसली तेवढी हरणं मोजून बेरीज केली तर आकडा चुकतो, कारण झुडपात लांबची हरणं नजरेतून निसटतात. म्हणून अभ्यासक सरळ रेषेत चालतात आणि प्रत्येक कळप त्या रेषेपासून किती अंतरावर दिसला याची नोंद करतात. अशा पुष्कळ नोंदी जमल्या, की अंतर वाढेल तसं दिसण्याचं प्रमाण किती घटतं हे कळतं आणि न दिसलेल्या हरणांचाही हिशोब मांडता येतो. उघड्या माळावर हे प्रमाण सावकाश घटतं, तरवडीच्या पट्ट्यात झपाट्याने. त्यामुळे दोन्हीकडे सारखीच हरणं दिसली, तर प्रत्यक्षात जास्त हरणं तरवडीतच असण्याचा संभव मोठा.