मारास्कीनो

मारास्कीनो : मारास्का जातीच्या आंबट चेरीपासून गाळलेले गोड लिक्युअर, म्हणजे साखर घातलेली स्वादिष्ट दारू. केकवर लावतात त्या पाकातल्या लालभडक चेरीलाही हेच नाव पडले आहे. या दोन पदार्थांत आज नावापलीकडे फारसे नाते उरलेले नाही, त्यामुळे पाककृती वाचताना हमखास घोटाळा होतो.

शब्द इटालियन आहे. लॅटिनमधल्या ‘आमारुस’ म्हणजे कडू या शब्दापासून इटालियनमध्ये ‘आमारास्का’ झाले. पुढे सुरुवातीचा ‘आ’ गळून ‘मारास्का’ हे फळाचे नाव राहिले आणि त्यावरून पेयाचे नाव ‘मारास्कीनो’ पडले. इंग्रजीच्या वळणाने पुष्कळ जण ‘माराशिनो’ म्हणतात. मूळ उच्चारात मात्र ‘स्की’ आहे, आणि क्रोएशियन भाषेत तर तो ‘मारास्किनो’ असा लिहिलाही जातो.

मारास्का ही लहान, काळपट लाल चेरी एड्रियाटिक समुद्राच्या डाल्मेशिया किनाऱ्यावर पिकते. पेयाचा खरा गंध तिच्या गरापेक्षा बीत अधिक आहे. चेरीची बी फोडून हुंगली की कडू बदामाचा वास येतो, आणि मारास्कीनोच्या घोटामागे रेंगाळतो तो हाच वास. फळे बियांसकट आंबवून ऊर्ध्वपातन करतात, मग त्यात साखर घालतात. लाल रंग भांड्यातच मागे राहतो, म्हणून पेय पाण्यासारखे नितळ निघते. युरोपीय संघाच्या नियमानुसार त्यात लिटरमागे किमान 250 ग्रॅम साखर आणि किमान 24 टक्के अल्कोहोल असावे लागते. जर्मन भाषक मुलखातली किर्श हीसुद्धा चेरीचीच, पण ती बिनसाखरेची दारू आहे. एकीच्या जागी दुसरी वापरली की चव पार बदलते.

या पेयाचे गाव म्हणजे आजच्या क्रोएशियातले झादर, इटालियनमध्ये झारा. तिथे फ्रान्चेस्को द्रिओली या व्यापाऱ्याने 1759 मध्ये आणि जिरोलामो लुक्सार्दो यांनी 1821 मध्ये कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात शहर उद्ध्वस्त झाले आणि युद्धानंतर ते युगोस्लाव्हियाकडे गेले. लुक्सार्दो घराण्यातले काही जण युद्धात मारले गेले. वाचलेल्या जोर्जो यांनी 1947 मध्ये इटलीत, पादुआजवळच्या तोरेल्या गावी नव्याने भट्टी लावली. झादरमध्येही उत्पादन थांबले नाही. म्हणून आज मारास्कीनो समुद्राच्या दोन्ही काठांवर बनते, आणि दोघांचाही त्यावरचा हक्क खरा आहे, असेच म्हणावे लागेल.

दुसरा अर्थ अमेरिकेत रुजला. मारास्कीनोत मुरवलेली मारास्का चेरी ही तिथल्या बड्या हॉटेलांतली महागडी चैन होती, म्हणून स्थानिक चेरी वापरून तिची स्वस्त नक्कल निघाली. 1912 मध्ये सरकारने ठरवले की खऱ्या लिक्युअरमधली मारास्का असेल तरच हे नाव लावायचे. पण 1940 पर्यंत लोकांच्या तोंडी दुसराच अर्थ इतका बसला होता की, लाल रंगवलेल्या, साखर मुरवलेल्या आणि कडू बदामाचा स्वाद दिलेल्या पाकातल्या चेरीलाही ते नाव अधिकृतपणे मिळाले. यासाठी फळ आधी गंधकयुक्त खाऱ्या पाण्यात ठेवतात. त्यात त्याचा रंग आणि चव दोन्ही उतरतात. ऑरेगनमधले प्राध्यापक अर्नेस्ट वीगंड यांनी या पाण्यात कॅल्शियमचे क्षार वापरून फळ मऊ पडू न देण्याची पद्धत बसवली. कडूपणावरून नाव मिळालेल्या फळाचा शब्द असा निव्वळ गोड पदार्थाला जाऊन चिकटला.

आपल्याकडे बेकरीत किंवा पानाच्या टपरीवर हा शब्द सहसा ऐकू येत नाही. तिथे नुसती ‘चेरी’. मसाला पानावर काडीने टोचलेली ही चेरी पुष्कळदा करवंदाच्या जातीतले फळ, करौंदा, बिया काढून, रंगवून, पाकात मुरवलेले असते. दाताखाली ते खऱ्या चेरीपेक्षा कडक लागते.

पाककृतीत ‘दोन चमचे मारास्कीनो’ असेल तर लिक्युअर समजावे. ते फ्रूट सॅलडमध्ये, आइस्क्रीममध्ये आणि जिन, लिंबाचा रस घालून केलेल्या ‘एव्हिएशन’सारख्या कॉकटेलमध्ये जाते. वास उग्र असल्याने ते बेतानेच घालतात. बरणीतल्या चेरीचा लाल पाक त्याऐवजी ओतला तर गोडी येते, बदामाचा आणि फळाचा तो गंध येत नाही.