धरणाचा रोहू, तळ्याचा रोहू आणि नॉर्वेचा सॅमन

मराठवाड्यात मासळीच्या पाटीपुढे उभं राहिलेलं गिऱ्हाईक भावाआधी एक प्रश्न हमखास विचारतं, "धरणाचा आहे ना?" पैठणच्या नाथसागराचा, माजलगावचा, येलदरीचा, नांदेडच्या विष्णुपुरीचा म्हटलं की मासा चांगला. बर्फाच्या खोक्यातून आलेला 'आंध्राचा' असेल तर तो पाळीव, खाद्य घालून फुगवलेला, बेचव. ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यावर कोणी वाद घालत नाही.

युरोप-अमेरिकेत सॅमन या थंड समुद्रातल्या, केशरी मांसाच्या माशावरून हाच वाद कित्येक वर्षं चालू आहे. तिथे त्यावर प्रयोगशाळांत भरपूर काम झालं आणि दोन्ही बाजूंच्या बऱ्याच समजुती मोडल्या. आता संभाजीनगरसारख्या शहरात गोठवलेला सॅमन मिळू लागला आहे आणि आपल्याकडेही "रानातला (म्हणजे निसर्गात मोकळा वाढलेला) घ्यावा की पाळलेला?" असं विचारणारे भेटतात. माझं म्हणणं असं की सॅमन असो की रोहू, मासा कुठे वाढला एवढ्यावरून फार थोडं कळतं. तो काय खाऊन वाढला, पाणी कसं होतं आणि मेल्यावर किती वेळात बर्फात गेला, या तीन गोष्टींवर त्याची चव आणि गुण ठरतात.

आधी आपल्या धरणातल्या रोहूकडे पाहू. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे पूर्वी नदीच्या पुरातून पिल्लं गोळा करून तळ्यात सोडावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. देशातल्या मत्स्यशेतीची दिशाच त्या दिवसाने बदलली आणि म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन मानला जातो. त्या तंत्रातून मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. तिथे मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, तयार होतात, त्यांची बोटाएवढी बोटुकली होते आणि ही बोटुकली शेततळ्यांत सोडतात, तशीच धरणांतही सोडतात. म्हणजे ज्याला आपण धरणाचा अस्सल मासा म्हणतो, त्या रोहूचा जन्म बहुतेक वेळा सिमेंटच्या हौदात झालेला असतो. पुढे तो धरणातलं मिळेल ते खाऊन मोठा होतो, एवढाच फरक. स्वतःहून वाढणारे खरे रानमासे म्हणजे मरळ, शिंगाळा, वाम. आणि चिलापी धरणात आपोआप वाढते खरी, पण ती मूळची आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली.

सॅमनचंही काहीसं असंच आहे. अटलांटिक सॅमन म्हणून जगभर विकला जाणारा मासा जवळपास सगळा पाळलेला असतो. १९७० मध्ये नॉर्वेच्या हित्रा बेटाजवळ दोन भावांनी समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून सॅमन वाढवला आणि तिथून आजचा प्रचंड उद्योग उभा राहिला. आज जगातल्या पाळीव अटलांटिक सॅमनपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या नॉर्वेचा आहे, मग चिली, स्कॉटलंड, कॅनडा. रानातला सॅमन मुख्यतः प्रशांत महासागराचा. सॉकाय, चिनूक, कोहो, पिंक आणि चम या त्याच्या जाती. अलास्का राज्याने १९९० मध्ये मत्स्यशेतीवर कायद्याने बंदी घातली, पण तिथल्याही नद्यांत उबवणी केंद्रांतली पिल्लं सोडतात आणि तीच समुद्रात वाढून 'रानातला' सॅमन म्हणून पकडली जातात. आपल्या नाथसागरासारखीच ही व्यवस्था. आपल्या गावी मिळणारा सॅमन बहुतेक नॉर्वेचा पाळीवच असतो, त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरापुरता निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही. मुंबईकडे 'इंडियन सॅमन' म्हणून दिला जाणारा रावस हा चवीला उत्तम, पण पूर्ण वेगळ्या कुळातला मासा आहे. सॅमनचे आकडे त्याला लावू नयेत.

या दोन माशांमध्ये एक थेट नातंही आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. सॅमनच्या जातिवंत पैदाशीत नॉर्वेचे शास्त्रज्ञ पुढे गेले होते. १९९२ मध्ये भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेने त्यांच्याबरोबर काम सुरू केलं, वेगवेगळ्या नद्यांतले रोहू गोळा केले, त्यांतले जोमाने वाढणारे निवडून पिढ्यानपिढ्या त्यांची पैदास केली. दर पिढीला वाढ सुमारे १७ टक्क्यांनी सुधारत गेली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, या रोहूला 'जयंती रोहू' असं नाव दिलं. यात बाहेरचं जनुक घातलेलं नाही. शेतकरी पिढ्यानपिढ्या चांगलं बियाणं राखतो, तोच हा मार्ग. "पाळलेला मासा म्हणजे औषधं टोचून वाढवलेला" असं म्हणणाऱ्यांनी हे काम जरूर समजून घ्यावं.

आता पोषणाकडे वळू, कारण सॅमन घेणारे बहुतेक जण ओमेगा-३ या आरोग्याला चांगल्या मानल्या जाणाऱ्या चरबीसाठीच घेतात. अमेरिकी शेती खात्याच्या तक्त्यांत १०० ग्रॅम कच्च्या पाळीव अटलांटिक सॅमनमध्ये सुमारे १३ ग्रॅम चरबी आहे, तर रानातल्या अटलांटिक सॅमनमध्ये सुमारे ६. ओमेगा-३ चरबीतच असतं, त्यामुळे लठ्ठ पाळीव माशाच्या तुकड्यात ते कमी नसतं, उलट बरोबरीने किंवा जास्तच भरतं. मात्र हे ओमेगा-३ मासा स्वतः फारसं बनवत नाही. ते मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळात तयार होतं आणि एकाने दुसऱ्याला खात खात सॅमनपर्यंत पोचतं. पाळीव सॅमनला ते खाद्यातल्या मासळीच्या तेलातून मिळतं. १९९० च्या सुमारास नॉर्वेतल्या खाद्यात सुमारे ९० टक्के घटक समुद्रातले होते. आता तो वाटा पाव हिश्श्याच्याही खाली आला आहे आणि त्याची जागा सोया आणि मोहरीवर्गातल्या तेलाने घेतली आहे. परिणाम मापता आला. स्टर्लिंग विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात स्कॉटलंडच्या पाळीव सॅमनमधलं ओमेगा-३ २००६ ते २०१५ या काळात निम्म्यावर आल्याचं दिसलं. निम्मं झालं तरी इतर बहुतेक माशांपेक्षा ते जास्तच होतं. मासा जे खातो तेच तो आपल्याला देतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा पुरावा मला माहीत नाही.

रंगाचंही तेच. सॅमनचा केशरी रंग अ‍ॅस्टाझँथिन या द्रव्याचा. रानात तो लहान कोळंबीसारख्या जिवांतून मिळतो, पिंजऱ्यात तो खाद्यात मिसळतात. रंग बघून सॅमनचा दर्जा ठरवण्यात अर्थ नाही.

रोहूला या खात्यावर सॅमनशी झुंजवू नये. त्याच्यात चरबी मुळातच थोडी, साधारण दोन-तीन टक्के, म्हणून ओमेगा-३ ही बरंच कमी. त्याची ताकद दुसरीकडे आहे. प्रथिनं भरपूर, किंमत परवडणारी आणि खाद्य साधं. कटला पृष्ठभागावरचे सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. वरून भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड दिली की भागतं. सॅमनला वाढवायला इतर मासे मारून त्यांचं तेल काढावं लागतं, रोहूला ती गरज नाही. समुद्राची चिंता वाटून 'रानातला की पाळलेला' हा विचार करणाऱ्याला गावच्या शेततळ्यातला रोहू हे अतिशय चांगलं उत्तर आहे.

मग चव? तळ्याच्या माशाला मातीचा वास येतो, ही सगळ्यांत मोठी तक्रार, आणि ती खरी आहे. या वासाचं कारण मुख्यतः जिओस्मिन नावाचा रेणू. काही नील-हरित शेवाळं आणि मातीतले सूक्ष्मजीव तो बनवतात. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या काळ्या रानावर पडल्यावर जो वास येतो, त्यातही हाच रेणू असतो. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. पाण्यात एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी आपल्याला कळतं. तोच वास मातीतून आला की मन भरून येतं आणि ताटातून आला की घास फिरतो.

मासा हा रेणू मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यातून ओढतो आणि चरबीत साठवतो. यासाठी तळाला चिखल असायलाच हवा असं नाही. जालन्याकडे मोसंबीच्या बागांसाठी प्लास्टिकचं अस्तर लावलेली शेततळी आहेत. त्यांच्या तळाला माती नसते, पण खाद्य जास्त पडून पाणी हिरवं झालं की तिथल्या माशालाही वास लागतो. उलट, धरणाचा मासा यातून सुटलेला नाही. एप्रिल-मेमध्ये धरण आटतं, उरलेलं पाणी तापतं, त्यात खतांचा आणि सांडपाण्याचा अंश दाट होतो आणि शेवाळ माजतं. उन्हाळ्याच्या अखेरीचा धरणाचा मासा आणि दिवाळीनंतर स्वच्छ, भरलेल्या शेततळ्यातून काढलेला मासा समोर ठेवला, तर मी दुसरा घेईन. जिओस्मिन माशातून निघून जाऊ शकतं, पण त्यासाठी त्याला अनेक दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवावं लागतं. घरी रात्रभर टपात सोडून काही होत नाही.

स्वयंपाकघरात मात्र एक उपाय आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: चिंच. आम्लामुळे जिओस्मिनच्या रेणूतून पाण्याचा अंश निघून जातो आणि उरतं ते आर्गोस्मिन, ज्याला वास नाही. तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून अर्धा-पाऊण तास ठेवायचं, सुटलेलं पाणी टाकून द्यायचं. वास चरबीत असतो, म्हणून पोटाच्या आतली काळी पातळ त्वचा, पोटाची चरबी आणि बाजूच्या रेषेखालचं गडद मांस काढलं तर आणखी फरक पडतो. समुद्राच्या माशाचा उग्र वास वेगळ्या द्रव्याचा, ट्रायमिथाइल अमाइनचा. तोही आम्लाने बसतो, पण वेगळ्या रासायनिक वाटेने.

ताजेपणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण धरणाच्या माशाला इथे न केलेल्या कामाचं श्रेय मिळतं. धरणात बहुधा कल्ल्यांत अडकवणारी जाळी संध्याकाळी लावतात आणि पहाटे काढतात. रात्री लवकर अडकलेला मासा तासन् तास मेलेल्या अवस्थेत कोमट पाण्यात राहिलेला असतो. तो पहाटे काढून नऊ वाजता बिनबर्फाच्या पाटीत विकला, तर 'आजचाच' असूनही उतरलेला असू शकतो. तळ्यातला मासा ओढजाळ्याने जिवंत निघतो आणि तिथेच बर्फात पडतो. शिवाय उष्ण प्रदेशातल्या गोड्या पाण्याच्या माशावरचे जिवाणू उबदार पाण्याला सरावलेले असतात, बर्फात ते मंदावतात. म्हणून रोहू बर्फात थंड समुद्रातल्या माशापेक्षा जास्त दिवस टिकतो. सलग बर्फात आलेला आंध्राचा कटला वाईट असतो हे गृहीत धरू नका. कल्ले लाल, डोळे फुगीर, दाबलेलं मांस परत वर येतंय, एवढं पाहिलं की पुरे.

रानातला म्हणजे निर्मळ, ही समजूतही सॅमनच्या अभ्यासाने ढिली केली. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या अभ्यासात पाळीव सॅमनमध्ये पीसीबी या कारखानी रसायनासारखी प्रदूषकं रानातल्यापेक्षा जास्त आढळली आणि मोठी खळबळ उडाली. ती मासळीच्या तेलातून येत होती. तेल कमी झालं तशी ती प्रदूषकंही घटली. दुसरीकडे बाल्टिक समुद्रातल्या रानसॅमनमध्ये डायऑक्सिन हे विषारी प्रदूषक इतकं असतं की स्वीडनमध्ये मुलांनी आणि तरुण स्त्रियांनी तो क्वचितच खावा असा सल्ला दिला जातो. आपल्याकडेही शहराच्या नाल्याखालच्या पाण्यातला मासा, मग तो कितीही 'नदीचा' असो, मी घेणार नाही. पाऱ्यासारखी द्रव्यं साखळीत वर वर साठत जातात, त्यामुळे इतर मासे खाणाऱ्या मोठ्या, वयस्कर माशात ती जास्त, कोंडा-शेवाळ खाणाऱ्या रोहूत कमी. पाळीव माशांत एक मात्र ठाम नको: 'थाई मांगूर' म्हणून विकला जाणारा आफ्रिकी मांगूर. देशी माशांना तो संपवतो, म्हणून केंद्राने २००० मध्येच त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी तो चोरून वाढवला जातो.

शिजवताना मात्र दोन्हींत फरक करावा लागतो. पाळीव सॅमनमध्ये चरबी जास्त, त्यामुळे तो तव्यावर जरा जास्त राहिला तरी सांभाळून घेतो. रानातला लगेच कोरडा पडतो. पृष्ठभागावर पांढरा साय-सारखा थर आला की समजावं, प्रथिनं आकसून रस बाहेर ढकलतायत, म्हणजे आच जास्त झाली. धरणाचा रोहू चपळ, घट्ट मांसाचा, तोही याच वर्गातला. माशाच्या स्नायूंना जोडणारं कोलॅजन बकऱ्याच्या मानाने फार कमी तापमानाला विरघळतं, म्हणून मटणासारखा मासा रटरटत ठेवायचा नसतो. येसराचा किंवा काळ्या मसाल्याचा रस्सा आधी पूर्ण उकळून, तेल सुटू द्यावं, चिंच घालावी, आणि शेवटी तुकडे सोडून आठ-दहा मिनिटं मंद आचेवर झाकावं. तळ्याचा मऊ, चरबीदार कटला तळायला चांगला. बेसन किंवा ज्वारीच्या पिठात घोळवून करडईच्या तेलात तो छान कुरकुरीत होतो.

सॅमन कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाण्याची पद्धत आता शहरांत येते आहे, तिथे रान आणि पाळीव यांतला फरक खरोखर महत्त्वाचा ठरतो. रानातल्या सॅमनमध्ये अ‍ॅनिसाकिस नावाचे कृमी सर्रास असतात. कोरड्या खाद्यावर वाढलेल्या पाळीव सॅमनमध्ये त्यांचा धोका फार थोडा. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे कच्चा खायचा मासा उणे २० अंशांना सात दिवस गोठवावा लागतो, आणि घरचा फ्रीज त्या तापमानाला सलग टिकत नाही. रोहू, कटला, मरळ यांच्या बाबतीत हा पर्यायच नाही. गोड्या पाण्यातला मासा, धरणाचा असो की तळ्याचा, आतपर्यंत ६३ अंश गाठेपर्यंत शिजवावा. थर्मामीटर नसेल तर काट्याजवळचं मांस पारदर्शक न राहता पांढरं होऊन काट्यापासून सहज सुटलं की तेवढं झालं.