टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण : ज्वाला संश्लेषण

टायटॅनियमच्या संयुगाची वाफ ज्योतीत सोडून त्याच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म पांढरी पूड मिळविण्याची पद्धत. दिव्याच्या काचेवर काजळी धरते त्याच जातीची ही क्रिया आहे. फरक इतकाच की काजळी नको असताना धरते आणि ही पूड नेमक्या आकाराची काढायची असते.

कच्चा माल म्हणून उद्योगात टायटॅनियम टेट्राक्लोराइड वापरतात. हा रंगहीन द्रव 136° से. ला उकळतो आणि दमट हवा लागताच पांढरा धूर सोडतो. हायड्रोजन जळून झालेली पाण्याची वाफ ज्योतीतच त्याचे जलीय विच्छेदन करते व हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. हा वायू क्षरणकारी असल्याने प्रयोगशाळेत बहुधा क्लोरीनविरहित टायटॅनियम टेट्राआयसोप्रोपॉक्साइड पसंत करतात.

कणाचा आकार ठरतो तो काही मिलिसेकंदांत. ऑक्साइडचे रेणू तयार होताच एकमेकांवर आदळून त्यांचे पुंजके बनतात. उष्ण भागात आदळलेले दोन कण वितळल्यासारखे एकजीव होऊन एकच मोठा गोल होतो. वायू थंडावू लागला की टकरी चालूच राहतात, पण एकजीव होणे मागे पडते. मग कण मानेशी जुळलेल्या मण्यांसारखे साखळीत अडकतात. हे घट्ट जोड नंतर दळूनही नीट सुटत नाहीत, म्हणून खरी कसोटी इथेच लागते. एकजीव होण्याचा वेळ व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात धरतात : व्यास दुप्पट, तर वेळ सोळापट. तापमानाचा परिणाम याहून तीव्र असतो.

त्यामुळे कारागिरी बर्नरची. इंधन आणि ऑक्सिजन वेगळे सोडलेल्या ज्योतीत ऑक्सिजनचा प्रवाह वाढवला की ज्योत आखूड होते, कण उष्णतेत कमी वेळ राहतात आणि बारीक निघतात. कच्च्या मालाची वाफ जास्त सोडली तर ते जाडे होतात. ज्योतीला विद्युत क्षेत्र लावूनही आकार आवरता येतो.

या ऑक्साइडची अ‍ॅनाटेज व रूटाइल ही दोन मुख्य स्फटिकरूपे; त्यांपैकी कोणते मिळणार हेही ज्योतीतच ठरते. ऑक्सिजन भरपूर असल्यास मुख्यतः अ‍ॅनाटेज मिळते. अ‍ॅल्युमिनियमचा अंश रूटाइलला साथ देतो, तर सिलिकॉनचा अंश त्याला रोखतो. प्रकाश-उत्प्रेरणाच्या (प्रकाशाच्या मदतीने रासायनिक क्रिया घडवण्याच्या) अभ्यासात मापदंड ठरलेली, पूर्वीच्या डेगुसा (आता इव्होनिक) कंपनीची ‘पी-25’ ही पूड याच पद्धतीची आहे. तिच्यात सुमारे चार भाग अ‍ॅनाटेजला एक भाग रूटाइल असते, मूळ कण 20 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आसपास आणि पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे 50 चौ. मी.

रंगासाठीचे पांढरे रंगद्रव्यही पुष्कळदा टेट्राक्लोराइड ऑक्सिजनमध्ये जाळून बनवतात, मात्र त्याचे कण 200 ते 300 नॅनोमीटरचे ठेवतात, कारण दृश्य प्रकाश विखुरण्याचे काम त्याच आकाराला जमते. नॅनोकणांचा पातळ थर उलट जवळपास पारदर्शक दिसतो आणि जंबुपार किरण शोषतो.

पूड कोरडीच हाती येते. धुणे, गाळणे, भाजणे यांची गरज नसते. ती कापडी गाळण्यांवर जमा करतात व क्लोराइड मार्गात चिकटलेले आम्ल गरम दमट हवेने काढून टाकतात. ती हाताळताना श्वासावाटे आत जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टायटॅनियम डायऑक्साइडला ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या 2-बी गटात ठेवले आहे.