चालत्या ट्रकचं वजन आणि '±५ टक्के'चा घोळ

टोलच्या लेनमध्ये रस्त्यात बसवलेल्या सेन्सरने चालता ट्रक ओव्हरलोड दाखवला आणि पुढच्या वे ब्रिजवर (उभ्या गाडीच्या वजनकाट्यावर) तोच ट्रक बरोबर भरला, असं झालं की पहिला शब्द येतो काटामारी. साखर कारखान्यांमुळे तो आपल्या तोंडात बसलाय. पण कोणीही काटा मारलेला नसताना हे दोन आकडे वेगळे येऊ शकतात.

धावत्या गाडीचं वजन घ्यायचा प्रयोग अमेरिकेत १९५२ च्या आसपास झाला, रस्त्यात काँक्रीटची स्लॅब बसवून तिच्याखाली स्ट्रेन गेज (भाराने पडणारा ताण मोजणारे सेन्सर) लावले. दंड हा हेतू नव्हताच, रस्ता किती जाड बांधायचा हे ठरवायला ट्रॅफिकचं सरासरी वजन हवं होतं. १९५८ ते ६० च्या मोठ्या रोड टेस्टमधून चौथ्या घाताचा नियम निघाला (एक्सलवर २० टक्के जास्त भार, तर रस्त्याचं नुकसान साधारण दुप्पट) आणि ही गरज अजून वाढली. सरासरीच काढायची तर एखाद्या ट्रकचं वजन चुकलं तरी बिघडत नाही.

ते का चुकतं, तर सेन्सर वजन मोजतच नाही, चाक त्या क्षणी रस्त्यावर किती जोर देतंय ते मोजतो. ट्रकची बॉडी सेकंदाला दोन-तीन वेळा वरखाली होते, एक्सल त्याहून जलद उडतो, त्यात खड्डा, ब्रेक, टँकरमधलं हिंदकळणारं पाणी. म्हणजे सेन्सरने जोर अगदी बरोबर मोजला तरी वजन चुकू शकतं. साधे पिझो सेन्सर (दाब पडला की वीज देणारे) उन्हाने बदलतात, क्वार्ट्झवाले बरेच कमी, पण उडणाऱ्या चाकाला क्वार्ट्झ तरी काय करणार.

आता मुख्य घोळ. युरोपातल्या १९९३ ते ९८ च्या संयुक्त प्रकल्पाने अचूकतेचे वर्ग पाडले, त्यातला 'ए ५' म्हणजे एकूण वजनात ±५ टक्के, पण सुट्या एक्सलला मात्र ±८. 'बी १०' ला एकूण ±१० आणि सुट्या एक्सलला ±१५. आणि हे आकडे साधारण ९५ टक्के गाड्यांसाठी आहेत, म्हणजे हजार ट्रकमागे पन्नास त्या पट्ट्याबाहेर गेले तरी सिस्टीम पास. वजनमापांची जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे तिच्यात ±५ चा अर्थ वेगळाच, तिथे ती प्रत्येक वजनाची कमाल चूक आहे, बाहेर एकही जाता कामा नये, आणि पहिल्या पडताळणीत तर ±२.५ च चालतं. दोन्ही कागदांवर ५ च लिहिलेलं, दोन्हीला आपण 'अचूकता' म्हणतो, आणि टेंडरमध्ये नुसतं ±५ टक्के लिहून मोकळं झालं की कोणतं ५ हे कोणी विचारत नाही. माझ्या मते खरी चूक इथे होते, सेन्सरमध्ये नाही.

आपल्याकडे हे अंगावर आलं ते दंड मोठे झाल्यावर. २००५ मध्ये कोर्टाने सांगितलं की दंड भरून जादा माल तसाच पुढे नेता येणार नाही, उतरवायचाच. मग टोलच्या नियमांत ओव्हरलोडला दहापट टोल आला. २०१८ मध्ये चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली, दोन एक्सलचा ट्रक १६.२ वरून १८.५ वर गेला. सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. आता १८.५ चे ५ टक्के म्हणजे ९२५ किलो, म्हणजे काठोकाठ कायदेशीर भरलेला ट्रक १९.४ टन दिसला तरी सिस्टीम आपल्या हद्दीतच आहे, आणि ट्रक मात्र मर्यादेच्या वर.

त्यात जागा. अमेरिकेतलं मानक सेन्सरच्या आधी साधारण ६० मीटर आणि नंतर ३० मीटर गुळगुळीत रस्ता मागतं. आपल्याकडे सेन्सर बूथच्या तोंडाशी, जिथे प्रत्येक ट्रक ब्रेक मारतोच आणि मागच्या एक्सलचा भार पुढच्यावर सरकतो. म्हणूनच बऱ्याच नाक्यांवर पुढे उभ्या गाडीचा वे ब्रिज ठेवलेला असतो, ज्याला दरवर्षी वजनमापवाल्यांचा शिक्का लागतो. फेरवजनाची सोय खरी तीच. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तोच मुळी गाड्या थांबू नयेत म्हणून, आणि फेरवजन मागायचं तर थांबावं लागतं.