फिल्म स्कॅनर, फ्लॅटबेड (निवड)

निगेटिव्ह व स्लाइड यांची डिजिटल प्रत घेण्यासाठी वापरला जाणारा, झाकणातही दिवा असलेला सपाट काचेचा स्कॅनर. साधा स्कॅनर कागदावरून परतणारा प्रकाश टिपतो. फिल्म पारदर्शक असल्याने प्रकाश तिच्या आरपार जावा लागतो. म्हणून खरेदीच्या वेळी आधी झाकण उघडून आत दिवा आहे का, ते पाहावे. कार्यालयांतील पातळ, हलक्या स्कॅनरचा सीआयएस सेन्सर काचेला टेकलेलीच वस्तू स्पष्ट टिपतो. फिल्म मात्र होल्डरमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या चौकटीत, काचेच्या थोडी वर राहते, त्यामुळे थोड्या अंतरावरचेही स्पष्ट टिपणारा सीसीडी सेन्सरच हवा.

खोक्यावरच्या डीपीआयच्या (दर इंचात किती ठिपके) आकड्याला भुलणे ही नेहमीची चूक. एप्सनच्या व्ही६०० आणि त्याहून बऱ्याच महाग व्ही८५० या दोन्हींवर ६४०० डीपीआय हाच आकडा असतो. यंत्र किती दाट टिपते एवढेच त्यातून कळते. भिंगातून तितका तपशील येतोच असे नाही. फ्लॅटबेडकडून २४०० डीपीआयइतका खरा तपशील मिळाला तरी उत्तम समजावे. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ × ३६ मिमीची. तिच्यातून एवढ्यावर सुमारे पावणेआठ मेगापिक्सेलचे चित्र मिळते. एकेकाळी अनेक मराठी घरांत असलेल्या आग्फा क्लिक-३ कॅमेऱ्याची रुंद १२० फिल्म याच यंत्रावर २५ मेगापिक्सेलच्या पुढे जाते. घरात अशी मोठी निगेटिव्ह असतील, तर फ्लॅटबेडइतका सोयीचा पर्याय नाही.

स्लाइडचे गडद भाग निगेटिव्हपेक्षा बरेच दाट असतात. घनता ३ म्हणजे प्रकाशाचा हजारावा भाग पार होतो, ४ म्हणजे दहा हजारावा. कंपनीच्या सांगण्यानुसार व्ही६००ची घनता टिपण्याची क्षमता ३.४, व्ही८५०ची ४. कमी क्षमतेच्या यंत्रावर वाड्याच्या ओसरीतली माणसे अंधारात बुडतात. धूळ व ओरखडे पुसणारी अवरक्त किरणांची सोय रंगीत फिल्मवर सुरेख चालते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते आणि यंत्राच्या लेखी चित्रच कचरा ठरते. केवळ कृष्णधवल संग्रहासाठी या सोयीचे जादा पैसे मोजू नयेत.

पुण्यात हे काम लांबणीवर टाकू नये. फिल्मच्या थरात जिलेटिन असते आणि पावसाळ्यातल्या दमट कपाटात त्यावर बुरशी धरते. १९६४ साली पुण्यातच स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तापमान व आर्द्रता आटोक्यात ठेवून फिल्म जपते. घरी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा एवढेच हाती असते. १२ जुलै १९६१च्या पानशेत पुरात मुठेकाठची घरे वाहून गेली, त्यांबरोबर छायाचित्रेही. वाचलेले निगेटिव्ह म्हणूनच पुष्कळदा त्या प्रसंगाची एकमेव खूण असते.

वापरलेले यंत्र घेताना होल्डर सोबत आहेत का, ते पाहावे. होल्डरशिवाय काचेवर टेकलेल्या फिल्मवर न्यूटनची इंद्रधनुषी वलये उमटतात, वाकलेल्या पट्टीच्या कडा अस्पष्ट येतात. दुकानात जाताना घरातली सर्वांत गडद स्लाइड बरोबर न्यावी आणि ती समोर स्कॅन करून घ्यावी.