मात्रा हलवायची की नाही? मराठी बालरहस्यकथेतल्या गुप्तलिपीची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईत घडणाऱ्या मुलांच्या रहस्यकथेत चिठ्ठी हमखास असते. कधी ती येऊरच्या वाटेवर दगडाखाली सापडते, कधी बेलापूरच्या पडक्या किल्ल्यात एखाद्या फटीत. चिठ्ठीवरचा मजकूर कसा झाकायचा, यावर मात्र लिहिणाऱ्यांचे आजही एकमत नाही. देवनागरीतले अक्षर बदलताना त्याची मात्रा, म्हणजे काना, वेलांटी, उकार अशी कोणतीही स्वरखूण, तशीच ठेवायची की तीही बदलायची, या एका मुद्द्यावर मतभेद आहेत आणि गोष्ट मुलाला सुटते की नाही हे बहुतेक वेळा त्यावरच ठरते.

आपल्याकडे अक्षरे बदलून लिहिण्याची रीत जुनी आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत म्लेच्छितविकल्प, म्हणजे सांकेतिक लिहिण्याची कला येते, आणि त्या ग्रंथावरच्या जयमंगला टीकेत मूलदेवीय नावाच्या पद्धतीची ओळख होते. तिच्यात ख-ग, च-ट, त-प, न-म, ल-स अशा जोड्या आहेत. जोडीतल्या एका अक्षराच्या जागी दुसरे लिहायचे, म्हणजे ‘मान’चे ‘नाम’ होते. जोड्या असल्यामुळे झाकण्याची आणि उलगडण्याची कृती एकच. हा गुण पुढे पुन्हा लागणार आहे.

आजच्या बालकथेवर प्रभाव पडला तो मात्र परदेशी कथांचा. १८४३ च्या एका अमेरिकन कथेत खजिन्याचा मजकूर चिन्हांत दिलेला आहे. नायक चिन्हे मोजतो, ८ हा आकडा ३३ वेळा येतो, म्हणून तो इंग्रजीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा ई असणार, असे धरून पुढे जातो. १९०३ च्या इंग्लिश कथेत अक्षरांऐवजी नाचणारी माणसे आली आणि हातातल्या झेंड्याने शब्दाचा शेवट दाखवला गेला. या दोन कृतींवर नंतरच्या कितीतरी मुलांच्या मालिका उभ्या राहिल्या. त्या मराठीत आल्या तेव्हा गोष्टीचे भाषांतर झाले, चिठ्ठी रोमन अक्षरांतच राहिली. मराठी माध्यमातल्या मुलाला मग आधी इंग्रजी शब्द ओळखावा लागे आणि त्यानंतर कोडे. सत्तरच्या दशकातला आपला लाडका बालनायक फास्टर फेणे सायकलवरून पाठलाग करण्यात तरबेज होता. त्यामुळे चिठ्ठीची उणीव फारशी जाणवली नाही.

मोजणीची युक्ती देवनागरीत का अडखळते, हे समजून घ्यायला हवे. मराठीत फार वेळा येणारा अ हा स्वर व्यंजनात मुरलेला असतो, वेगळा लिहिलाच जात नाही. शिवाय मुलांच्या चिठ्ठीत तीस-चाळीस अक्षरे असतात आणि एवढ्यावर कोणत्याही मोजणीचा भरवसा धरता येत नाही.

आता मूळ वादाकडे. एक पक्ष म्हणतो, फक्त व्यंजन वर्णमालेच्या क्रमाने पुढे सरकवा, मात्रा आणि अनुस्वार आहेत तसे राहू द्या. एक घर सरकवले की ‘ठाणे’चे ‘डाते’ होते, ‘वाशी’चे ‘शाषी’, ‘नेरूळ’चे ‘पेलूक’. ळ शेवटचा असल्यामुळे तो फिरून क वर येतो. ‘बेलापूर’चे ‘भेवाफूल’ होते आणि त्यातले फूल मुलाला भलत्याच वाटेला लावते. असे अर्थाचे शब्द आपोआप तयार होतात, म्हणून चिठ्ठी पक्की करण्याआधी ती मोठ्याने वाचून पाहावी.

दुसऱ्या पक्षाचा आक्षेप असा, की यात मजकूर उघडाच पडतो. दोन अक्षरे, पहिल्याला काना, दुसऱ्याला मात्रा, आणि गोष्ट ठाण्यातली. मग लपले काय? म्हणून ते मात्रांचेही वेगळे चक्र करतात: बिनमात्रेचे अक्षर, मग काना, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, ऱ्हस्व-दीर्घ उकार, एक आणि दोन मात्रा, आणि त्याच दोन काना धरून, अशी एकूण दहा घरे. यात ‘ठाणे’चे ‘डितै’ होते. दिसायला गूढ आहे खरे, पण इथेच गोष्टी फसतात. ‘नेरुळ’मधला उकार पहिला लिहिला तर चिठ्ठीत तो दुसरा होऊन येतो. मुलाने तो घाईत पहिला वाचला, तर उलगडताना त्याची दीर्घ वेलांटी होते आणि हाती ‘नेरीळ’ लागते. साध्या वाचनात खपून जाणारी ऱ्हस्व-दीर्घाची गफलत इथे स्वरच पालटते. बिनमात्रेचे अक्षर हेही एक घर आहे, हे तर बहुतेक मुले विसरतातच.

तिसरा मार्ग अक्षर फोडण्याचा: ठ्, आ, ण्, ए. यात अ उघड होतो आणि मोजणीची युक्ती चालू लागते. पण चिठ्ठी जवळजवळ दुप्पट लांबते, आणि प्राथमिक शाळेतल्या मुलाला व्यंजन आणि स्वर वेगळे करणे हेच एक दुसरे कोडे होऊन बसते.

माझ्या मते पहिला पक्ष बरोबर आहे. मराठी मुलांची खेळातली च-ची भाषा पाहा. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे च लावायचा: ‘कुठे’चे ‘चठेकु’, ‘ठाणे’चे ‘चणेठा’. मात्रा अक्षरासोबत जाते, तिला कोणी सोडवत नाही. मुलांच्या कानाला हे एकक ठाऊक आहे, आणि लिपीही त्याच एककावर उभी करावी. उघड्या मात्रा हा आधार आहे, तो मुद्दाम ठेवावा. वाक्याच्या शेवटी सुटा आ आणि त्यापुढे एका मात्रेचे अक्षर दिसले की तिथे ‘आहे’ असणार, हे दहा वर्षांच्या मुलाला कळते, आणि तिथून एक खरे व्यंजन हाती लागते. कोडे अवघड करायचे असेल तर मात्रांना हात लावू नका. शब्दांमधली जागा काढून चार-चार अक्षरांचे गट करा.

अडचण राहते ती व्यंजनांच्या यादीची. मराठीत ळ धरून ३४ व्यंजने, पण एका घराच्या चक्रात घ चा ङ होतो आणि ‘घोडबंदर’चे ‘ङोढभंधल’. हे मुलाला वाचता येत नाही. ङ आणि ञ वगळले की ३२ उरतात आणि तेच गावनाव ‘चोढभंधल’ होते. वगळल्याचे गोष्टीत कुठेतरी सांगितलेच पाहिजे, नाहीतर वाचणारा ३४ धरतो आणि घ, झ यांच्यापाशी अडतो. ‘ज्ञ’ला या यादीत जागा नाही, तो शब्दच टाळावा. ‘क्ष’ मात्र क आणि ष म्हणून चालतो.

३२ चा आणखी एक फायदा आहे. पातळ कागदाचे वर्तुळ पाच वेळा अर्धे-अर्धे दुमडले की नेमके ३२ भाग पडतात, कोनमापक लागत नाही. अक्षरे बदलण्यासाठी अशा दोन चकत्या एकमेकींवर फिरवायच्या: मोठी चकती १२ सेंटिमीटर व्यासाची, लहान ९ सेंटिमीटरची, दोन्ही पुठ्ठ्यावर चिकटवून मधोमध टाचणी. मुलांची सर्वांत जास्त चूक दिशेची होते, उलगडताना ती पुन्हा पुढेच सरकतात. म्हणून पहिल्या चिठ्ठीसाठी १६ घरांचे अंतर घ्यावे. क चा ध होतो आणि ध चा क, ‘ठाणे’चे ‘लाषे’ आणि ‘लाषे’चे पुन्हा ‘ठाणे’. मूलदेवीय जोड्यांचा गुण तो हाच.

जोडाक्षरांचा त्रास छपाईतही झाला. ‘स्टेशन’चे एका घराने ‘ह्ठेषप’ होते. खिळ्यांच्या काळात असे जोडाक्षर जुळवायला पाय मोडलेला ह घ्यावा लागे. संगणकावर अक्षर जुळते, पण मुद्रितशोधक ‘शाषी’ पाहून ते दुरुस्त करतो आणि कोडे मरते. चिठ्ठी हाताने लिहून चित्र म्हणून छापणे हा खात्रीचा उपाय.

मोडीचा वापर जपूनच करावा. दफ्तरांत ती रोजची लिपी होती, तिच्यात काही लपवलेले नसे. शिवाय तिच्यात इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसते, त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांवर बेतलेले कोडे मोडी चिठ्ठीत ठेवता येत नाही. जुन्या पोथ्या-शिलालेखांतली शब्दांनी आकडे सांगण्याची रीत जास्त कामाची आहे: चंद्र एक, नेत्र दोन, अग्नी तीन, वेद चार, बाण पाच, वसू आठ, आकाश शून्य. आकडे उजवीकडून डावीकडे घ्यायचे. ‘अग्नी-बाण-वसू-चंद्र’ म्हणजे १८५३, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ते साल. डावीकडून वाचले तर ३५८१ येते, आणि एवढे मोठे साल अशक्य असल्यामुळे मुलाला आपली चूक आपणच सापडते.

पान-ओळ-शब्द असे तीन आकडे देणारी चिठ्ठी अलीकडे फार दिसते. तिला दोघांकडे एकच आवृत्ती हवी. पाठ्यपुस्तक घरोघरी असते म्हणून सोपे वाटते, पण अभ्यासक्रम बदलला की गोष्टीतला पत्ता कोसळतो. ठाण्यात १८९३ पासून चाललेले मराठी ग्रंथालय आहे, तेव्हा तिथली एकच ठरावीक प्रत गोष्टीत वापरणे जास्त टिकाऊ. नवी मुंबईत नोड (म्हणजे वाशी, नेरूळ असे शहराचे आखीव विभाग) आणि सेक्टरच्या आकड्यांनी आयती चिठ्ठी मिळते. मात्र १ ते १० पर्यंतचे सेक्टर बऱ्याच नोडमध्ये असल्यामुळे नोडचे नाव वेगळ्या खुणेने द्यावे लागते, नाहीतर वाशी आणि नेरूळ दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात.

लिंबाच्या रसाची शाई जुन्या गोष्टींतून तशीच उचलली जाते. तिथला मुलगा कागद दिव्याजवळ धरतो, तो दिवा तारेचा असे आणि तापत असे. आजच्या एलईडीवर अक्षरे उमटत नाहीत. मोठ्यांपैकी कोणाकडून मध्यम गरम इस्त्री फिरवून घ्यावी. रस लागलेला भाग बाकीच्या कागदाआधी करपून तपकिरी होतो. खाडीकाठच्या जुलैत कागद दमट असतो, रस पसरतो आणि काना-वेलांटी एकमेकांत मिसळतात. पावसाळ्यात घडणाऱ्या गोष्टीत ही चिठ्ठी डब्यात बंद ठेवलेली दाखवावी.