कुत्रा तोच, टीव्ही बदलला

गावच्या घरी आमच्याकडे वाघ्या होता आणि पुढच्या खोलीत तो जुना डबा टीव्ही. रविवारी सकाळी अर्धी आळी टीव्हीसमोर बसलेली असायची, पडद्यावर हत्ती घोडे रथ धावायचे आणि वाघ्या त्याच टीव्हीच्या स्टूलखाली पायात तोंड खुपसून झोपलेला. एकदाही त्याने मान वर करून बघितलं नाही. आता पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शेरू आहे, तोही गावठीच, पण जाहिरातीत कुत्रं दिसलं रे दिसलं की हा उठून स्क्रीनपाशी, आधी कान टवकारणार, मग भुंकणार, आणि ते कुत्रं स्क्रीनच्या कडेने निघून गेलं की टीव्हीच्या मागे जाऊन हुंगत बसणार. आई म्हणते हा वाघ्यापेक्षा हुशार आहे. मला ते काही पटेना, कारण वाघ्या म्हणजे अर्ध्या किलोमीटरवरून बाबांच्या स्कूटरचा आवाज ओळखणारा कुत्रा. म्हणून मी याबद्दल वाचायला लागले, आणि कळलं ते असं की फरक कुत्र्यात नाहीच मुळी, टीव्हीत आहे.

टीव्हीवर हलणारं चित्र असं काही नसतं, एकामागोमाग एक स्थिर चित्रं असतात आणि ती इतक्या भराभर येतात की आपला मेंदू त्यांची सलग हालचाल करून टाकतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण डबा टीव्हीत अजून एक गोष्ट व्हायची. आतून इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर एकेक रेघ उजळवत खाली यायचा आणि उजळलेली रेघ लगेच विझायची, म्हणजे पडदा सतत पेटत-विझत असायचा, आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा. दिवा सेकंदाला साधारण ५० ते ६० वेळा लुकलुकला की माणसाला तो सलग पेटलेला वाटतो. कुत्र्याला नाही वाटत. १९८९ मध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांवर याची तपासणी झाली होती, आणि भरपूर उजेड असेल तर कुत्र्यांना सेकंदाला ७० ते ८० लुकलुकींपर्यंत फरक कळतो असं दिसलं. म्हणजे आम्ही ज्याला रथ आणि घोडे म्हणत होतो ते वाघ्यासाठी, बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं फडफडणारं एक खोकं असणार. त्याच्याकडे कोण कशाला बघेल.

आणि ते खोकं नुसतं फडफडत नव्हतं, शिट्टीही मारत होतं. त्या टीव्हीत एका चित्रात ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रं (एक चित्र दोन हप्त्यांत यायचं, म्हणून लुकलुक ५०), गुणाकार केला की १५,६२५, आणि बरोबर तेवढ्याच हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांची, एक बारीक किणकिण त्याच्या आतल्या भागांतून यायची. लहानपणी शेजारच्या खोलीतून सुद्धा टीव्ही चालू आहे हे मला कळायचं, आवाज पूर्ण बंद असला तरी, आणि आजोबांना शेजारी बसूनही ती शिट्टी ऐकू यायची नाही, कारण वयाबरोबर वरच्या पट्टीचं ऐकू येणं आधी जातं. कुत्र्याचा कान ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, मांजराचा ८५,००० पर्यंत, त्यामुळे त्यांच्यासाठी १५,६२५ म्हणजे अगदी सहज ऐकू येणारा आवाज. वाघ्या त्या शिट्टीखाली कसा झोपायचा कोण जाणे, सवय झाली असेल.

आताच्या बहुतेक फ्लॅट टीव्हीत मागचा दिवा पेटलेलाच राहतो आणि पुढे नुसतं चित्र बदलतं, मधे अंधार नाही, म्हणून कुत्र्यालाही ते स्थिर दिसतं. याचा एक सुंदर पुरावा पक्ष्यांचा आहे. जपानमध्ये १९९९ साली झेब्रा फिंच नावाच्या छोट्या पक्ष्यांच्या नरांना मादीचा व्हिडिओ दाखवला, तर फ्लॅट टीएफटी स्क्रीनवर मादी दिसल्यावर नर तिला उद्देशून गायला लागले, जुन्या काचेच्या मॉनिटरवर तसं झालं नव्हतं. पक्ष्यांचे डोळे तर या बाबतीत आपल्या खूपच पुढे असतात, स्वीडनमध्ये २०१६ मध्ये माशीमार जातीच्या छोट्या पक्ष्यांची परीक्षा घेतली तर ते सेकंदाला १४० च्या वर लुकलुक ओळखत होते. आपली जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणजे असल्या डोळ्यांना ती ट्यूबच फडफडताना दिसेल, हे वाचून मला घरात पिंजरे टांगतात त्यांची आठवण झाली. (देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, ते एक वेगळंच. दुकानात मिळतात ते बजी नावाचे छोटे पोपट परदेशी.) शिवाय बजीला अतिनील रंग दिसतो आणि त्यांची पिसंही त्या रंगात चमकतात, जोडीदार निवडताना ते बघितलं जातं. टीव्हीच्या स्क्रीनमध्ये तो रंगच नाही, त्यामुळे स्क्रीनवरचा बजी खऱ्या बजीला जरा विटका दिसत असणार.

रंगांचा मुद्दा कुत्र्या-मांजरांनाही लागू आहे. टीव्हीत लाल, हिरवा आणि निळा असे तीनच ठिपके असतात आणि त्यातून सगळे रंग बनतात, पण हे तीन ठिपके माणसाच्या डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) धरून निवडलेत. कुत्र्याकडे शंकू दोनच प्रकारचे, एक निळ्याजांभळ्यासाठी आणि दुसरा पिवळ्या-हिरव्याच्या आसपास. हेही १९८९ मध्येच अमेरिकेत तपासलं गेलं, दोन इटालियन ग्रेहाउंड आणि एक पूडल एवढ्या तिघांवर. कुत्र्याला काळंपांढरं दिसतं हे मी शाळेत ऐकलं होतं, ते चूक आहे, त्याला रंग दिसतात, फक्त लाल आणि हिरव्यात गल्लत होते. क्रिकेटवरून सांगते म्हणजे पटकन कळेल. कसोटीत हिरव्या गवतावर लाल बॉल पळतो तेव्हा शेरूसाठी मळकट पिवळ्यावर मळकट तपकिरी काहीतरी पळत असतं, पण वन डेमध्ये निळी जर्सी गवतावर धावते तेव्हा त्याला पिवळट पार्श्वभूमीवर निळं दिसतं, आणि नेमकं हेच त्याला सगळ्यात स्पष्ट कळणारं जोडपं आहे. अर्थात बॉल मुळातच बारीक, आणि कुत्र्याची नजर आपल्याइतकी तीक्ष्ण नाही. आपल्याला ७५ फुटांवरून नीट दिसतं ते बघायला कुत्र्याला साधारण २० फुटांपर्यंत यावं लागतं, मांजराचं त्याहून कमी. म्हणून ते स्क्रीनच्या जवळ जाऊन बसतात. पण फार जवळ जाऊनही उपयोग नाही, मांजराला साधारण २५ सेंटीमीटरच्या आतलं धूसर दिसतं, आणि टॅबवरचा मासा पंज्याने धरायला जाते तेव्हा आमची मनी त्याच धूसर भागात असते.

मग दिसतं काय त्यांना, याचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर अमेरिकेतल्या एमोरी युनिव्हर्सिटीच्या २०२२ च्या प्रयोगातून आलं. डेझी आणि भूबो नावाच्या दोन कुत्र्यांना एमआरआय मशीनमध्ये न बांधता, न औषध देता, जागेपणी शांत पडून राहायला शिकवलं आणि अर्धा-अर्धा तासाचे व्हिडिओ दाखवले, एकूण दीड तास. कुत्री एकमेकांना हुंगतायत, कोणी खाऊ देतंय, गाडी जातेय, असे साधे प्रसंग. मग मेंदूच्या नोंदी कॉम्प्युटरला देऊन विचारलं की या क्षणी कुत्रा काय बघत होता. तेच व्हिडिओ बघितलेल्या माणसांच्या बाबतीत कॉम्प्युटरला वस्तू पण ओळखता आली आणि क्रिया पण. कुत्र्यांच्या बाबतीत फक्त क्रिया ओळखता आल्या, कोण किंवा काय आहे ते नाही. म्हणजे व्याकरणात सांगायचं तर आपण नामं आणि क्रियापदं दोन्ही बघतो, त्यांच्या मेंदूत क्रियापदं ठळक. दोनच कुत्रे होते त्यामुळे जपूनच बोललं पाहिजे, पण शेरूला बघितलं की मला हे खरं वाटतं, बातम्या देणारी बाई तासभर बोलली तरी तो ढुंकून बघत नाही आणि रस्त्यावरून कोणी पळताना दाखवलं की लगेच मान वर.

पण नामं त्यांना अजिबात कळत नाहीत असंही नाही. फ्रान्समध्ये २०१३ साली नऊ कुत्र्यांना स्क्रीनवर प्राण्यांच्या तोंडाचे फोटो दाखवले, तर वेगवेगळ्या जातींची कुत्री इतर प्राण्यांतून त्यांनी बरोबर वेगळी काढली, वास नाही, आवाज नाही, हालचालही नाही, नुसता फोटो. आणि व्हिएन्नात तर अजून भारी गोष्ट केली, स्क्रीनवर एक बॉल दुसऱ्याला धडकून तो हलताना दाखवला, आणि मग धक्का न लागताच बॉल आपोआप हलताना दाखवला. दुसऱ्या वेळी कुत्र्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या, म्हणजे त्यांना ते अनपेक्षित वाटलं असणार. स्क्रीनवर सुद्धा काय घडायला पाहिजे याची त्यांची काहीएक अपेक्षा असते, हे मला फार हलवून गेलं.

मांजरांचं थोडक्यात सांगते. बेलफास्टमध्ये २००८ मध्ये आश्रयकेंद्रातल्या १२५ मांजरांचा अभ्यास झाला, काही पिंजऱ्यांसमोर रोज तीन तास टीव्ही, त्यावर पक्षी, उंदीर, मासे. मांजरांनी सरासरी फक्त ६ टक्के वेळ स्क्रीनकडे बघितलं, प्राण्यांच्या व्हिडिओंकडे जास्त, पण रोजच्या तीन तासांत जसजसा वेळ गेला तसा रस कमी झाला. त्यात टीव्हीचा आवाज माणसाच्या कानासाठी असतो, २०,००० हर्ट्झच्या वरचं त्यात येतच नाही, आणि उंदीर एकमेकांशी बरंचसं त्याच्या वरच्या पट्टीत बोलतात. मनीला घरातला उंदीर ऐकू येतो, टीव्हीवरचा अर्धा मुका असतो. आणि वास तर कोणाचाच नाही. शेरू टीव्हीच्या मागे जातो तो त्याचा वेडेपणा नाही, दिसलं आणि ऐकू आलं तर वास कुठेतरी असलाच पाहिजे, म्हणून शोधायला जातो.

सगळे कुत्रे सारखं बघत नाहीत हे सुद्धा तपासलं गेलंय. अलाबामातल्या ऑबर्न युनिव्हर्सिटीने २०२५ मध्ये ४५३ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली. कुत्रे एका वेळेला सरासरी साधारण १४ मिनिटं टीव्ही बघतात, सगळ्यात जास्त प्रतिसाद प्राण्यांना. उत्साही स्वभावाचे कुत्रे स्क्रीनवरच्या वस्तूमागे ती खरी असल्यासारखे जातात, आणि भित्रे, चिंता करणारे कुत्रे दाराची बेल, गाडीचा हॉर्न असल्या आवाजांना जास्त बिचकतात. हे वाचलं आणि मला आमच्या घरातलं एक कोडं सुटलं. आपण कामावर जाताना कुत्र्याला सोबत म्हणून टीव्ही लावून जातो, बरेच जण करतात, मीही करायचे. पण शेरू भित्रा आहे, लहानपणी रस्त्यावर खूप सोसलंय त्याने, आणि दुपारच्या सीरियलमध्ये दर पाच मिनिटांनी बेल वाजते, फोन वाजतो, कोणीतरी किंचाळतं. त्याला सोबत नव्हतेच देत मी, दिवसभर पहाऱ्याला बसवत होते. शेजारच्या काकू म्हणायच्या दुपारी फार भुंकतो, आणि मला वाटायचं एकटेपणाने.

आता दुपारी टीव्ही बंद असतो. मनीला टॅब दिला तरी दहा मिनिटं, आणि नंतर दोरीला बांधलेली चिंधी खरोखर पकडू द्यायची, कारण काचेवरचा मासा कधीच हाताला लागत नाही आणि ती चिडून पडद्यावर नखं मारते. आणि आमची दाराची बेल टिंगटाँग होती, सीरियलमधल्यासारखीच, ती काढून चिमणीच्या आवाजाची बसवली. पंधराएक दिवस गेले. परवा आईच्या सीरियलमध्ये बेल वाजली तर शेरूने एक कान हलवला, डोळे उघडले नाहीत, आणि थोड्या वेळाने चिमणी वाजल्यावर दाराकडे धावला, दूधवाला आला होता.